टवक्याएवढा रंग

खान्देशात मोटारसायकलचा रंग दोन गोष्टी खातात. वरून ऊन आणि खालून खडी. ऊन सावकाश खातं. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या पुढे सरकतो, आणि कोर्टासमोर, बँकेसमोर, बाजार समितीच्या आवारात दिवसभर उभी राहणारी लालभडक टाकी काही उन्हाळ्यांत विटून जाते. खडीला तेवढा धीर नसतो. पुढच्या डंपरच्या चाकाखालून सुटलेला एक खडा, टक्कन आवाज, संपलं. घरी येऊन गाडी पुसताना फडकं कुठेतरी अडकतं, तिथे बोट ठेवलं की कळतं, कंपनीचा रंग गेला.

जळगावहून धुळ्याला जाणारा रस्ता पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे करत जातो. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून ‘सहा नंबर हायवे’च आहे, कागदावर त्याचा ५३ झाला. त्यातल्या तरसोद ते फागणे पट्ट्याच्या चौपदरीकरणाचं काम बरीच वर्षं चाललं. त्या काळात इथून ये-जा केलेल्या दुचाकींच्या पुढच्या मडगार्डावर, फोर्कच्या खालच्या नळ्यांवर आणि इंजिनापुढून खाली उतरणाऱ्या चेसीवर त्या कामाची नोंद झालेली आहे. सरकारी दप्तरातल्या नोंदीपेक्षा ती जास्त खरी असावी.

टवके आणि ओरखडे बघून गाडीचा मालक काय करतो, हे सांगता येतं. दूधवाल्याच्या गाडीची मागची दोन्ही पॅनेलं किटल्या घासून पांढुरकी झालेली असतात. टाकीवर मागच्या बाजूला बारीक आडव्या रेघांचं जाळं असेल तर मालक पँटला बक्कलवाला पट्टा लावतो आणि रोज लांबचा प्रवास करतो. टाकीच्या वरच्या अंगावर चेनचे चरे असतील तर समोर बॅग ठेवून शाळेत जाणारे गुरुजी. हँडलच्या मधोमध, किल्लीच्या भोकाखाली, जुडग्याने कोरलेलं अर्धवर्तुळ जवळपास सगळ्यांकडेच. रावेर-यावलकडच्या गाडीवर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग दिसतात, आणि ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं पाठीमागे बांधून शेतात नेणाऱ्याच्या गाडीचं मागचं मडगार्ड दोन्ही कडांनी सोललेलं असतं. एम.एच. १८ धुळ्याची, १९ जळगावची, ३९ नंदुरबारची, हे पाटी सांगते. बाकीचं पत्रा सांगतो.

यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज रेडियमवाल्याकडे मिळतो. टवका असेल तिथे वाघाचा पंजा, नाहीतर ‘जय खान्देश’. एखाद्या गाडीवर पंजा अगदीच भलत्या जागी, तिरका बसलेला दिसला की समजावं, खाली काहीतरी आहे. घरात दुसरा इलाज असतो, बहिणीच्या नेलपॉलिशच्या बाटल्यांतली त्यातल्या त्यात जवळची छटा. दोन्ही इलाज डोळ्यांपुरते. स्टिकरच्या कडेतून पाणी शिरतं, आत गंज निवांत पसरतो, आणि एक-दोन पावसाळ्यांनंतर वाघाचा पंजा फुगून वर येतो.

माझ्या गाडीचा रंग गडद निळा, मेटॅलिक. तिच्या टाकीवर उजव्या अंगाला पडलेला टवका एकदा तिरप्या उन्हात भिंग धरून पाहिला. नुसत्या डोळ्यांना तो एक पांढरट ठिपका दिसतो. भिंगाखाली त्याची वलयं उलगडतात. सगळ्यात बाहेर वरच्या पारदर्शक लॅकरची तुटकी, दुधी कड. तिच्या आत निळ्याचं वलय, त्यात चमचमणारे कण. निळ्याच्या आत करडा प्रायमर. आणि मधोमध तांदळाच्या कणीएवढं उघडं पोलाद, त्यावर टाचणीच्या टोकाएवढा तांबूस डाग सुरू झालेला. हे सगळे थर एकावर एक धरून जाडी भरते ती साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. ऊन, पाऊस, पेट्रोल, घाम, चिखल सगळं बाहेर थोपवायचं ते एवढ्याशा जाडीने.

या दहाव्या भागासाठी कारखान्यात केवढा खटाटोप असतो! गाडी चाकणची असो की वाळूजची, टाकीचा पत्रा दाबून, जोडून झाला की आधी त्याचं तेलकटपण धुतात. मग फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात. त्याने पोलादावर बारीक स्फटिकांचा खरखरीत थर बसतो आणि रंगाला पकड मिळते. चेसीसारखे भाग रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडतात. विजेच्या ओढीने रंग ब्रश पोचणार नाही अशा सांध्याकोपऱ्यांतही जाऊन बसतो. टाकीवर प्रायमर, मूळ रंग, त्यावर कंपनीचं नाव आणि पट्टे, आणि सगळ्यांवर लॅकर. मध्ये मध्ये भट्टी, साधारण १४० अंशांची. हवा गाळून घेतलेली, माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. माणसाचा उघडा हात शक्यतो कुठेच लागू नये, अशी सगळी व्यवस्था. आणि आपण त्यावर काय घेऊन बसतो, तर बाटलीच्या झाकणाला चिकटवलेला ब्रश.

म्हणून टच-अपचा रंग तंतोतंत जुळत नाही. बाटलीला दोष देण्यात अर्थ नसतो. मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमचे अतिबारीक पापुद्रे असतात. स्प्रेने उडवले की ते पत्र्याला समांतर आडवे पडतात आणि उजेड एकसारखा परत फेकतात. ब्रशने लावले की उभेआडवे कसेही राहतात. कोड तोच, रंग तोच, तरी ठिपका काळपट दिसतो. पर्ल रंगात अभ्रकाचे कण असतात, त्यांचीही हीच तऱ्हा. मॅट रंगाचं दुखणं वेगळं. न चमकणं हीच त्याची शोभा, त्यामुळे दुरुस्तीनंतर पॉलिश घासलं की तेवढाच भाग चकाकतो आणि लपवायची ती जागा लांबूनच हाक मारते. शिवाय प्लास्टिकला भट्टीची आच सोसत नाही, त्याचे भाग कमी तापमानावर वाळवावे लागतात. म्हणून कोऱ्या गाडीतसुद्धा टाकीचा निळा आणि बाजूच्या पॅनेलचा निळा यांत कधीकधी उन्नीस-बीस असतं. शोरूममध्ये गाडीला हार घातलेला असतो, पेढे वाटायचे असतात. तेव्हा कोण बघतो? आणि या सगळ्यावर आपलं ऊन. कारखान्यातून निघाला तो निळा वेगळा, जळगावचे उन्हाळे सोसलेला निळा वेगळा. बाटलीला फक्त पहिला माहीत असतो.

धुळ्यात आग्रा रोडच्या बाजूने ओळीने नंबर घातलेल्या सरळ गल्ल्या आहेत. त्यांतल्या एका गल्लीच्या तोंडाशी एक पेंटर बसतात. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांचा हात राजदूत-येझदीच्या काळात तयार झालेला. तेव्हा टाकी रंगवायची म्हणजे जुना रंग पार खरवडायचा, खड्ड्यांत लांबी भरायची, वॉटर पेपर मारायचा, एन.सी. रंगाचे हातावर हात द्यायचे, आणि शेवटी लांब केसांच्या ब्रशने, श्वास धरून, सोनेरी रेघ ओढायची. यंत्रांच्या जमान्यातही चेन्नईच्या कारखान्यात बुलेटच्या टाकीवर ही रेघ हाताने ओढणारे कारागीर नावाजले गेले. आप्पांना त्याचं फारसं अप्रूप नाही. रेघ हातानेच ओढायची असते, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्यासमोर गाडी उभी केली आणि म्हटलं, “आप्पा, सगळी टाकीच करून टाकू या का? एकसारखी दिसेल.” गिऱ्हाईक स्वतःहून मोठं काम देत असताना कुठल्याही कारागिराने हो म्हटलं असतं. आप्पांनी टवक्यावरून अंगठा फिरवला, मग उरलेल्या टाकीवरून तळहात.

“भाऊ, टवका जितला शे, तितलाच रंग लाव,” ते म्हणाले. “कंपनीना रंग भाजेल शे. चांगला शे तो, त्याले हात नको लावू. जास्ती करशी ते बठ्ठी टाकी रंगाडनी पडी.”

त्यांच्या म्हणण्यात पोकळ तत्त्वज्ञान काही नव्हतं, सगळा हिशेब होता. भट्टीत भाजलेल्या रंगाइतका कडक रंग गल्लीत बसून देता येत नाही. टवक्याच्या भोवती वॉटर पेपर मारत मारत कड मऊ करायला गेलं की लॅकर पातळ होतं. अजून थोडं केलं की निळा उघडा पडतो. मग तो झाकायला आणखी मोठं वर्तुळ. कणीएवढा टवका रुपयाएवढा होतो, मग तळहाताएवढा, आणि शेवटी खरंच बठ्ठी टाकी. टवका खडीने पाडला हे खरं, पण टाकी घालवतो तो आपला हात.

आणि टवका तसाच सोडावा, असंही आप्पांनी म्हटलं नाही. कारण गंज टवक्यात बसून राहत नाही. लोखंडाला हवा आणि पाणी मिळालं की गंज धरतो, आणि गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असतं. त्यामुळे तो कडेचा चांगला रंग खालून उचलतो, उचललेल्या रंगाखाली पुन्हा पाणी शिरतं, आणि गंज पुढे सरकतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत आठ महिने त्याची चाल मंद असते. पावसाळ्यात काळी माती मडगार्डाखाली थापली जाते, दिवसेंदिवस ओल धरून राहते, आणि तेवढ्यात गंज वर्षभराची कसर भरून काढतो. म्हणून टच-अपचं खरं काम पाण्याची वाट बंद करणं, एवढंच. रंग जुळला तर चांगलं. नाही जुळला तरी काम झालेलं असतं.

या तांबूस डागाची नाती फार लांबवर जातात. लोखंडी फाटकाला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला रंगाआधी जो तांबडा ‘रेड ऑक्साइड’ प्रायमर मारतात, तोही लोहाचं ऑक्साइडच. गेरूतला लाल रंगही त्याचाच. ज्याने पत्रा खाल्ला जातो त्याचाच भाऊबंद पत्र्याच्या राखणीला उभा केलेला असतो. आणि ज्या खडीने टवका पाडला ती खडी म्हणजे आपला काळा पाषाण, बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा दगड, ज्यात लोह भरपूर. याच दगडात, जळगावच्या अजिंठा चौफुलीवरून नेरी, पहूर, वाकोद, फर्दापूर करत साठेक किलोमीटर गेलं की, लेणी कोरलेली आहेत.

अजिंठ्याच्या भिंतीही थरांच्याच बनलेल्या आहेत. खडकावर माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा. त्यावर पातळ पांढरा हात. त्यावर गेरूचा तांबडा, पिवळी माती, हिरवी माती, काजळीचा काळा, आणि नंतरच्या चित्रांत परमुलखातून आलेल्या लाजवर्दी दगडाचा निळा. तिथे टवके तर पावलोपावली. काही ओलीने पाडले, काही वटवाघळांनी, काही माणसांनी. १८१९च्या एप्रिलमध्ये शिकारीच्या निमित्ताने आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव आणि तारीख कोरली. तेव्हा आत ढिगारा साचलेला होता, त्यावर उभं राहून त्याने हे केलं. म्हणून ती अक्षरं आज आपल्या डोक्याच्या वर आहेत.

पुढे १९२०च्या सुमारास निजाम सरकारने ही चित्रं वाचवण्यासाठी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पुन्हा खडकाला धरवला, उखडलेल्या जागांच्या कडा भरून पक्क्या केल्या. पुष्कळ चित्रं त्यामुळे भिंतीवर राहिली. पण त्यांनी वरून लाखेचं व्हार्निशही दिलं. त्याआधी नकला करायला आलेल्या चित्रकारांनीही रंग उठून दिसावेत म्हणून व्हार्निश चढवलेलं होतं. हे थर काळाबरोबर पिवळे पडले, धूळ धरू लागले, आणि ते उतरवण्यात नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची वर्षानुवर्षं गेली. कडा भरल्या ते टिकलं. चकाकी दिली ते अंगाशी आलं. आज जिथे चित्र गेलेलं आहे तिथे कुणी नवा चेहरा काढत नाही. साधा मातकट गिलावा भरलेला असतो. एवढं होतं आणि एवढं गेलं, हे त्यात उघड दिसतं, आणि उरलेलं सुरक्षित राहतं. सोळाव्या-सतराव्या लेण्यांतल्या त्या मातकट जागा बघताना मला आप्पांचा अंगठा आठवला. दोन्हीकडचं शास्त्र एकच.

टच-अपला आपल्याकडे हंगाम असतो. मे महिन्यात पत्रा एवढा तापलेला असतो की थिनर उडून जातं आणि रंग पसरायच्या आत सुकतो. पावसाळ्यात हवेतली ओल लॅकरमध्ये अडकते आणि ते पांढुरकं पडतं. दिवाळी उलटल्यावर, भरिताच्या वांग्यांचे ढीग बाजारात दिसू लागले की, सकाळी दहाच्या पुढे ऊन हलकं आणि हवा कोरडी असते. तेव्हा बसावं.

आधी गाडी शाम्पूने धुवायची, टवक्यावरचा मेणाचा, तेलाचा अंश स्पिरिटने पुसून काढायचा. सुटलेली कड दातकोरणीने टोकरायची. जी पापडी आज हलतेय तिच्यावर रंग दिला तर ती उद्या रंगासकट जाईल. वॉटर पेपरचा बारीक तुकडा पेन्सिलीच्या टोकाला गुंडाळून फक्त तांबूस डागापुरता फिरवायचा. खाली पोलाद पांढरं दिसलं की प्रायमरचा एक थेंब. तो वाळेपर्यंत चहा. मग रंगाची बाटली पुष्कळ हलवायची, कारण चमकणारे पापुद्रे तळाशी बसलेले असतात. ब्रश बाजूला ठेवून दातकोरणीच्या टोकावर थेंब घ्यायचा आणि टवक्याच्या मध्यावर नुसता टेकवायचा. तो आपोआप कडेपर्यंत पसरतो आणि कडेशी थांबतो. ही थांबण्याची जागा बघण्यासारखी असते. घाई करून थेंब मोठा घेतला तर तो कड ओलांडून चांगल्या रंगावर चढतो. थिनर उडालं की थेंब आत बसतो, मधोमध खळगा दिसतो. मग दुसरा हात, मग तिसरा. शेवटी लॅकर, तेही टवक्यापुरतं. टाकीच्या झाकणापाशी मात्र हार्डनर घातलेलाच रंग हवा. पंपावर सांडणारं पेट्रोल, त्यात आता २० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं इथेनॉल, साध्या रंगाला मऊ करून सोडतं. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर गंजाची भीती नाही. तिथे फार तर पांढरी भुकटी धरते.

हे काम करताना गाडी इतक्या जवळून पाहिली जाते की बाकीचंही दिसू लागतं. फोर्कच्या सीलशी तेलाचा ओघळ, चिमट्याच्या खालच्या अंगाला साचलेली जुनी माती, सैल पडलेली चेन. आमच्या आजोबांच्या वेळी पोळ्याला बैलांची शिंगं साळून रंगवत. रंग निमित्ताला असायचा; आदल्या दिवशी खांदेमळण करताना, अंगावरून हात फिरवताना जुवाने पडलेलं आवाळू सापडायचं, खुरातला खडा सापडायचा. गोठा गेला, अंगणात गाडी आली. दसऱ्याला तिला हार पडतो. हात फिरवायची सवय मात्र सुटत चालली आहे, कारण सर्व्हिसिंगला टाकली की आपलं काम संपलं, असं आपण धरून चालतो.

माझ्या भाच्याला हे सगळं खूळ वाटतं. त्याच्या मते गाडी सरळ मॅट काळी करून घ्यावी, झंझट मिटेल. आरसी बुकात रंगाचा रकाना असतो, सगळा रंग बदलला तर आरटीओकडे नोंद करावी लागते, हे त्याच्या गावी नाही. तो म्हणतो, ठिपके दिसतात, मामा. दिसतात खरे. माझ्या टाकीवरचा निळा ठिपका भोवतीच्या निळ्यापेक्षा जरा गडद आहे, आणि उजेड तिरपा असला की त्याची कड ओळखू येते.

पण जुन्या गाड्यांच्या बाजारातला कुठलाही दलाल त्याला वेगळं गणित सांगेल. तिथे गाडी बघायला आलेला माणूस मीटरवर विश्वास ठेवत नाही. तो टाकीवर नख फिरवतो, खाली वाकून कडा बघतो, रबराच्या पट्टीखाली रंगाचे शिंतोडे आहेत का ते तपासतो. टाकी आरशासारखी लखलखीत दिसली की त्याचा पहिला प्रश्न असतो, “पडलेली आहे का?” पूर्ण रंगवलेल्या गाडीवर संशय घेतात, ठिपके असलेल्या पण ‘कंपनी पेंट’च्या गाडीला भाव देतात. झाकलेल्या गोष्टीपेक्षा दिसणारी खोट स्वस्त पडते, हे या बाजाराला व्यवहारातून कळलेलं आहे.

मीही कधीतरी ही गाडी विकीन. घेणारा येईल, अंगठा फिरवेल, ठिपके बघून भाव पाडून मागेल. पाडू दे. माझ्या बाजूने सांगायचं एवढंच असेल की हे ठिपके जिथे आहेत तिथे खडी लागली होती, जिथे नाहीत तिथला रंग कारखान्यातून आला तसाच आहे, आणि दोन्हींच्या खाली गंज नाही. याहून जास्त हमी मोटारसायकलबद्दल कुणी देऊ नये.